‘काय उपयोग?’च्या मुळाशी जायची बैठक: अभ्यासिकेत कशी घ्यायची

निकालानंतरच्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, ‘आपला वशिला नाही, मग काय उपयोग?’ आणि दुसरं, ‘आपणच कमी पडलो.’ दोन्ही निराशेचीच. पण पहिलं जगाबद्दल आहे, दुसरं स्वतःबद्दल. अभ्यासिकेचे चालक आणि क्लासचे सर दोन्हींवर एकच औषध देतात: जोरदार भाषण. टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर सगळं उतरतं.

भाषण उतरतं कारण ते उमेदीला हात घालतं. उमेद ज्या समजुतीवर उभी असते तिला हातच लावत नाही. जग कसं चालतं, लोक कसे वागतात, कष्टाला किंमत आहे की नाही, याबद्दल प्रत्येकाच्या मनात पाच-सात पक्की वाक्यं असतात. त्यातलं एखादं वाक्य आशेची दोरी कापत असतं. ते कुठलं आणि दोरी नेमकी कुठे कापतं, हे शोधायला ही दोन तासांची बैठक आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. बचत गटात किंवा कॉलेजच्या एनएसएसमध्येही वाक्यं बदलून चालतं.

आधी एवढं समजून घ्या

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी 1991 मध्ये आशेचे दोन भाग पाडले. एक ‘मी हे करू शकतो’ हा जोर. दुसरा म्हणजे तिथवर जायच्या वाटा दिसणं. त्यांच्या मोजपट्टीत 12 विधानं आहेत: 4 जोराची, 4 वाटांची, आणि उरलेली 4 नुसती भरीची, म्हणजे काय मोजतात ते उत्तर देणाऱ्याच्या लगेच लक्षात येऊ नये. जोर आहे आणि वाट नाही, असा मुलगा रोज बारा तास बसतो आणि तीच तीन पुस्तकं पाचव्यांदा वाचतो. वाटा माहीत आहेत पण जोर नाही, असा मुलगा सगळ्यांना उत्तम सल्ला देतो आणि स्वतः साडेदहाला उठतो. दोघांना एकच उपाय लागू पडत नाही.

जगाबद्दलच्या समजुतींची वर्गवारी क्वाक लिउंग आणि मायकेल बाँड या मानसशास्त्रज्ञांनी केली. मुलाखती हाँगकाँग आणि व्हेनेझुएलात झाल्या, मग इतर देशांत प्रश्नावली फिरली आणि 2002 मध्ये पाच गट मांडले गेले. त्यांची शास्त्रीय नावं बैठकीत घेऊ नका, कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आपल्या म्हणी पुरेशा आहेत:

‘बळी तो कान पिळी’, ‘कामापुरता मामा’: संशयाचा गट.
‘प्रयत्नांती परमेश्वर’: कष्टाला फळ असतं, हा गट.
‘कपाळी लिहिलेलं टळत नाही’: नशिबाचा गट.
‘व्यक्ती तितक्या प्रकृती’: जग गुंतागुंतीचं आहे, एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं असतात, हा गट.
‘देव तारी त्याला कोण मारी’: श्रद्धेचा गट.

एक खबरदारी. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण नशिबाच्या खाली लावायचा मोह होतो. ती लावू नका. ही म्हण आपण आळशी माणसाला चिडवायला वापरतो. भिंतीवर दिसली की ज्याची खरोखर दैवावर भिस्त आहे तो गप्प बसतो.

तयारी

माणसं 10 ते 12. पंधराच्या वर गेलात तर मागच्या रांगेतले बोलत नाहीत आणि वेळही पुरत नाही. ए-फोर आकाराचे 5 कागद घेऊन प्रत्येकाच्या 8 चिठ्ठ्या करा, म्हणजे 40 होतात. 36 लागतात, 4 जास्तीच्या. सगळ्यांना एकाच रंगाची पेनं द्या. एक जण हिरव्या शाईने लिहितो आणि चिठ्ठी कुणाची ते पहिल्या मिनिटाला उघडं पडतं. झाकणाचा डबा, चिकटपट्टी, फळा, दोन मार्कर. खर्च शंभर-दीडशेच्या आत.

वेळ निकालाच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नको. तेव्हा माणसाला जेवण, झोप आणि सोबत लागते, विश्लेषण नाही. सात ते दहा दिवस जाऊ द्या. रविवारी दुपारी तीन ते पाच सोयीचं पडतं: क्लास कमी असतात, आणि रविवारी संध्याकाळी बऱ्याच मेस बंद असल्यामुळे पोरांना जेवणाची सोय शोधायला मोकळं सोडावंच लागतं.

बैठक घेणारा शक्यतो परीक्षा पास झालेला नसावा. अधिकारी झालेल्या दादांना बोलावलं की सगळी चर्चा ‘दादा, तुम्ही कुठली पुस्तकं वापरलीत’वर जाते.

पहिली 15 मिनिटं: दोन आकडे

प्रत्येकाने स्वतःच्या वहीत लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही.

पहिला आकडा 0 ते 10: पुढच्या तीन महिन्यांच्या कामासाठी अंगात किती जोर वाटतो?
दुसरा आकडा मोजून काढायचा: आत्ता ठरवलेली वाट बंद झाली तर दुसऱ्या कुठल्या वाटा दिसतात, त्यांची नावं एकाखाली एक लिहा आणि मोजा.

दुसऱ्या प्रश्नात ‘नावं लिहा’ हे महत्त्वाचं. नुसतं ‘किती वाटा दिसतात’ विचारलं तर सगळे ‘चार-पाच’ म्हणतात. नावं लिहायला लागले की एक उरते, आणि तीही ‘गावी जाणं’.

पुढची 20 मिनिटं: चिठ्ठ्या

प्रत्येकाला तीन चिठ्ठ्या द्या आणि तीन अर्धी वाक्यं फळ्यावर लिहा:

‘ज्यांचं झालं त्यांचं झालं, कारण…’
‘माझं काम अडलं तर लोक…’
‘या जगात पुढे जायचं तर…’

वाक्य पूर्ण करायचं, नाव लिहायचं नाही, घडी करून डब्यात टाकायचं. ‘तुम्हाला निराश का वाटतं?’ असं थेट विचारू नका. त्यावर कट-ऑफ, घरचे आणि लग्न एवढंच बाहेर येतं. हे सगळं खरं आहे, पण तो परिणाम झाला. समजूत त्याच्याही खाली असते आणि ती जगाबद्दल विचारल्यावरच वर येते.

डबा हलवा आणि एकाच माणसाकडून सगळ्या चिठ्ठ्या एका सुरात वाचून घ्या. हसू येईल अशा चिठ्ठीवर वाचणारा थांबला की लिहिणारा अंग चोरतो.

मग 25 मिनिटं: भिंतीवर पाच रांगा

वर पाच म्हणी, खाली चिठ्ठ्या. कुठली चिठ्ठी कुठे, हे गटाने ठरवायचं. वाद होतील, होऊ द्या. ‘पैसा असेल तर सगळं होतं’ हे संशयात टाकायचं की नुसतं निरीक्षण म्हणायचं, यावर दहा मिनिटं सहज जातात आणि ती वाया जात नाहीत.

रांगा लागल्या की प्रत्येक रांगेला एकच प्रश्न विचारा. हा अख्ख्या बैठकीचा कणा आहे: ‘हे खरं धरलं, तर उद्या सकाळपासून मी काय करणं सोडून देईन?’

संशयाच्या रांगेला हा प्रश्न विचारला की उत्तरं अशी येतात: नोट्स कुणाला देणार नाही, उत्तरपत्रिका कुणाकडून तपासून घेणार नाही, ऑफिसात चौकशीला जाणार नाही. बघा, जोर कुणीच सोडत नाही. दुसऱ्या माणसातून जाणाऱ्या वाटा तेवढ्या बंद होतात. संशय वाटा कापतो. म्हणून संशयी मुलाला ‘तू करू शकतोस’ सांगून काही होत नाही. तो करतोच आहे, फक्त एकटा.

नशिबाची रांग जोर कापेल असं वाटतं, पण नेहमी तसं होत नाही. आपल्याकडे नशीब ठरलेलंही असतं आणि त्यावर उपायही असतो. हॉल तिकीट दगडूशेठच्या पायाशी ठेवून तीच मुलगी रात्री दोनपर्यंत भूगोल करते. तिला ‘अंधश्रद्धा’ वगैरे ऐकवलंत तर ती उठून जाईल, आणि तिचं बरोबरच असेल. फिलिपिन्समधले अभ्यासक ॲलन बर्नार्डो यांनी 2010 मध्ये आशेचे आधार वेगळे मोजले: स्वतः, घरचे, मित्र, देव. आपल्या पोरांच्या बाबतीत हे चारही आधार एकाच वेळी चालू असतात. तपासायचं एवढंच, की देवावर भार टाकल्यामुळे हातातलं काही सुटतंय का. सुटत नसेल तर त्या रांगेला हात लावू नका.

कष्टाची रांग सगळ्यांना सुरक्षित वाटते आणि भिंतीवर तीच सर्वांत लांब असते. पण ती दोन्हीकडून कापते. निकाल लागेपर्यंत जोर देते. नापास झाल्यावर मात्र हेच वाक्य उलटं फिरतं: कष्टाला फळ असतंच, मला मिळालं नाही, म्हणजे माझे कष्टच खोटे. जागा शंभर आणि बसणारे लाखांत असतील, तर भरपूर कष्ट करणारेही मोठ्या संख्येने बाहेर राहणार, हा साधा हिशेब या वाक्यात बसतच नाही.

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ची रांग बहुधा रिकामी राहते. तिला शेवटी यायचं आहे.

45 मिनिटं: तीन चिठ्ठ्या उलगडणं

सगळ्या उलगडत बसू नका. गटाने मत देऊन तीन निवडायच्या. प्रत्येकीला हे चार प्रश्न, याच क्रमाने:

1. हे पाहिलं की ऐकलं?
2. नेहमी, बऱ्याचदा, की कधीकधी?
3. नेमकं कुठल्या टप्प्यावर?
4. तेवढं खरं धरूनही माझ्या हातात काय उरतं?

समजा चिठ्ठी आहे: ‘मुलाखतीत सगळं आधीच ठरलेलं असतं.’ पहिल्या प्रश्नाला बाराजणांत बहुतेक ‘ऐकलं’ म्हणतील, एखादा ‘माझ्या चुलतभावाचं झालं’ म्हणेल. त्याला खोडू नका. दुसऱ्या प्रश्नावर ‘नेहमी’चं ‘बऱ्याचदा’ होतं. तिसऱ्यावर फळा घ्या. राज्यसेवेच्या वर्णनात्मक पद्धतीत मराठी आणि इंग्रजीचे पेपर फक्त पात्रतेचे. गुणांत धरायचे सात पेपर, प्रत्येकी 250, म्हणजे 1750. मुलाखत 275. बेरीज 2025. मुलाखतीचा वाटा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास.

इथे बैठक घेणारा हमखास चूक करतो: ‘बघा, फक्त साडेतेरा टक्के!’ असं विजयी स्वरात म्हणतो. म्हणू नका. काठावरच्या उमेदवाराला 275 गुण थोडे नसतात, हेही त्याच फळ्यावर लिहा. शंका खोटी पाडायची नाहीये, तिची जागा ठरवायची आहे. तिने पूर्ण आकाश व्यापलं होतं, आता ती एका कोपऱ्यात आली.

चौथ्या प्रश्नानंतर चिठ्ठी पुन्हा लिहायची, गटाच्याच शब्दांत. उदाहरणार्थ: ‘मुलाखतीत काय होईल ते माझ्या हातात नाही. 1750 गुण माझ्या हाताने लिहायचे आहेत, आणि मुलाखतीआधी तीन मॉक अनोळखी लोकांसमोर देणं माझ्या हातात आहे.’ नवं वाक्य जुन्यापेक्षा लांब होतं. व्हायलाच हवं. छोट्या वाक्यात ‘सगळं’ आणि ‘कधीच’ लपून बसतात.

कष्टाच्या चिठ्ठीसाठी चार प्रश्नांऐवजी फळ्यावर एक ओळ लिहा: निकाल = कष्ट + पद्धत + जागा किती निघाल्या + त्या दिवशीचा पेपर. हातातल्या गोष्टींना गोल करा. पहिल्या दोनच येतात. मग ज्याचा त्याने तयारी थांबवायचा महिना वहीत लिहायचा. वयाची अट खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43, म्हणून बरेच जण ‘अट संपेपर्यंत’ म्हणतात. ही तारीख सरकारने ठरवली; स्वतःची तारीख त्याआधीची असते, आणि ती ठरली की दुसऱ्या आकड्यातल्या वाटांना पहिल्यांदा खरं रूप येतं. तलाठी भरती, बँक, बी.एड., घरचा व्यवसाय, जे असेल ते.

शेवटची 15 मिनिटं: आठवड्याची पैज

प्रत्येकाने स्वतःच्या एका वाक्याविरुद्ध पैज लावायची. ती छोटी असावी, सात दिवसांत निकाल लागणारी असावी आणि आधी भाकीत लिहिलेलं असावं.

‘कुणी मदत करत नाही’वाल्याची पैज अशी: पाच ओळखीच्या-अनोळखी सीनियरांना विचारायचं, ‘दादा, एकच उत्तर तपासून द्याल का? पंधरा मिनिटांचं काम आहे.’ विचारण्याआधी वहीत: पाचपैकी किती जण हो म्हणतील? फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी 2008 मध्ये हेच तपासलं होतं. मदत मागणारे लोक समोरच्याच्या तयारीचा अंदाज बराच कमी धरतात, असं दिसलं. पण हा अभ्यास आधी सांगू नका, नाहीतर मुलं भाकीत बदलतात. पैज झाल्यावर सांगा. पाकिटांचा प्रयोगही तेव्हाच: 2019 मध्ये छापून आलेल्या त्या प्रयोगात 40 देशांतल्या 355 शहरांत 17 हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं लोकांच्या हाती दिली होती. पैसे असलेली पाकिटं परत करण्यासाठी, पैसे नसलेल्या पाकिटांपेक्षा जास्त लोकांनी संपर्क साधला. जवळजवळ सगळ्या देशांत हेच.

मागणी मोघम असली की पैज फसते. ‘मार्गदर्शन करा ना’ म्हटलं तर सीनियर ‘हो, कधीतरी बसू’ म्हणतो आणि ते कधीतरी येत नाही; पोराचा संशय मात्र आणखी घट्ट होतो. एक उत्तर, एक वेळ, एक जागा सांगा. आणि जर-तर आधीच लिहा: ‘जर शनिवारी सहापर्यंत उत्तर आलं नाही, तर एकदा फोन करीन, नाही म्हणाले तर यादीतल्या पुढच्याला विचारीन.’

पैज छोटी का? स्टीव्हन मायर आणि मार्टिन सेलिगमन यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगातून दाखवलं होतं, की सुटका हाती नसलेला त्रास सोसला की प्राणी हातपाय गाळायला शिकतो. 2016 मध्ये त्यांनीच हे उलटं मांडलं: हातपाय गाळणं ही मुळातली प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. हे शिक्षण ऐकून होत नाही. स्वतः काही केलं आणि समोर काही हललं, असं घडावं लागतं. म्हणून हलेल एवढंच ओझं उचलायला द्या.

बिघडतं कुठे

आरक्षणाची चिठ्ठी येणारच. दोन्ही बाजूंनी येते. धोरणावर वाद सुरू झाला की बैठक संपली असं समजा. तिला तोच प्रश्न विचारा, ‘हे खरं धरलं तर उद्या काय सोडून देशील?’, उत्तर फळ्यावर लिहा आणि पुढे चला.

त्याहून नाजूक चिठ्ठी: ‘आडनाव ऐकून खोली नाकारतात.’ ही समजूत नव्हे, हा अनुभव आहे. त्याला चार प्रश्न लावून ‘तुझा दृष्टिकोन बदल’ म्हणणं हा अन्यायावर दुसरा अन्याय. अशा चिठ्ठ्यांसाठी भिंतीवर सहावी रांग ठेवा: ‘गटाने करायचं काम’. काही भिंती एकट्याने हलत नाहीत. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. एकेकटीने ‘सकारात्मक’ होऊन हे झालं नसतं.

सहाव्या रांगेत सरकारी दिरंगाई असेल तर गटाची पैज माहिती अधिकाराची लावा. अर्जाचं शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा. ‘निकाल का रखडला?’ असं विचारलं तर ‘का’चं उत्तर देणं बंधनकारक नाही असं कळवतात. ‘अमुक तारखेपासूनच्या फाइलवरील टिपणांच्या प्रती द्याव्यात’ असं मागा. तिसाव्या दिवसापर्यंत काही आलं नाही तर पहिलं अपील, तेही पुढच्या 30 दिवसांत करायचं. अर्ज करणाऱ्याचं नाव चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर दर वेळी तोच एक उत्साही मुलगा अडकतो.

हुशार संशयी मुलगाही एक असतोच. प्रत्येक नव्या वाक्यावर म्हणतो, ‘हे सगळं पुस्तकी आहे.’ गट त्याला शहाणा समजतो, कारण संशय शहाणपणासारखा दिसतो. वाद घालू नका. त्यालाच भाकितांचा हिशेब ठेवायला सांगा: कोण काय म्हणालं होतं आणि काय झालं. आकडे त्याच्या हाताने लिहिले गेले की त्याला ते फेटाळणं अवघड जातं.

आणि एक गोष्ट बैठकीच्या कक्षेबाहेरची. चिठ्ठीत किंवा बोलण्यात ‘मी नसलो तर बरं’, ‘आता सगळं संपवावं’ असं काही आलं, किंवा एखादा दोन-तीन आठवडे झोप-जेवण सोडून बसला असेल, तर त्याची समजूत उलगडत बसू नका. बैठकीनंतर एकट्याला बाजूला घ्या, स्पष्ट शब्दांत विचारा, एकटं सोडू नका. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. फोन त्याच्याबरोबर बसून लावा. नुसता नंबर दिला तर तो खिशातच राहतो.

आठ दिवसांनी, अर्धा तास

भाकीत आणि प्रत्यक्ष, दोन रकाने फळ्यावर. ज्यांची पैज हरली त्यांचंही तितक्याच शांतपणे लिहा. पाचपैकी एकच हो म्हणाला असेल तर एक लिहा. सगळ्यांच्या पैजा जिंकल्या तर समजा भाकितं नंतर लिहिली गेली आहेत. मग पहिले दोन आकडे पुन्हा काढा. जोराचा आकडा एका आठवड्यात फारसा हलत नाही, त्याची वाट बघू नका. वाटांची यादी मात्र बघा: एकाची दोन किंवा तीन नावं झाली का. झाली असतील तर रिकाम्या राहिलेल्या रांगेत, ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’च्या खाली, त्या आठवड्यात मदत केलेल्या आणि न केलेल्या माणसांबद्दल एकेक चिठ्ठी लावून घ्या. जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. लिफाफ्यात घालून चालकांकडे ठेवा. पुढच्या निकालानंतर दहाव्या दिवशी तोच डबा पुन्हा काढायचा आहे.